जावळ आणि मीठ

हुलसुरे सरांच्या लॅबमध्ये लेबल नसलेली वस्तू शोधून दाखवणाऱ्याला सर चहा पाजायचे. सोळा वर्षांत मला तो चहा एकदाही मिळाला नाही. रसायनांच्या बाटल्यांना लेबल असणं ठीक आहे, पण सरांनी माठाला 'पिण्याचे' आणि मिठाच्या बरणीला 'खाण्याचे नव्हे' अशी लेबलं लावली होती. चहाचे दोन कप होते. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'पाहुणे'. खिडकीची कडी कितीतरी वर्षं तुटलेली होती, तिच्यावर चिठ्ठी होती, 'तुटलेली आहे. माहीत आहे.'

सीमाभागातल्या भालकीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे पगार इंग्रजीचा घेतो. खोलीच्या दारावर मी 'एम.ए. इंग्रजी' अशी पाटी लावली, तेव्हा सर ती बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "करजगी, लेबल अपुरं हाय. सेकंड क्लास लिवायचं ऱ्हायलं." माझं गाव अफजलपूर तालुक्यातलं करजगी. माझं नाव सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं आणि गावाच्या नावानं हाक मारायला लागले.

लेबलांबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या तासाला ते ऐकावं लागे. "बाटलीत विष असलं तरी भ्यायचं न्हाई. वर 'विष' लिवलेलं हाय का बघायचं. बाटलीत साखर हाय नि वर भलतंच लिवलंय, तिथं भ्यायचं."

माणसाच्या बाबतीतही त्यांचं हेच चाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि त्याचा त्रास बाकी सगळ्यांना होई. फोन आला तर घरातूनच सांगत, "हाय घरात, पण बोलायचा कंटाळा आलाय, उद्या करा." एकदा तपासणीची कमिटी आली. प्राचार्यांनी सरांना आदल्या दिवशी बजावलं होतं, उपकरणं भरपूर आहेत एवढंच सांगा. सरांनी तेवढंच सांगितलं. कमिटीतल्या बाईंनी पुढं विचारलं, सगळी चालतात ना? सर म्हणाले, "तेवढं सांगायचं ठरलं न्हवतं. चालत न्हाईत." प्राचार्य पंधरा दिवस त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होते, म्हणजे फक्त कामापुरतं.

सर स्वतःही तीन-चार भाषांत राहत. रागवायचं कन्नडमध्ये, गप्पा मराठीत, माफी मागायची तर दखनी उर्दूत, आणि अगदी नेमकं काही सांगायचं असलं की इंग्रजीत. माझी फजिती झाली ती या शेवटच्या सवयीमुळं.

त्याआधी आमच्या भागातल्या चौकशीबद्दल सांगायला हवं. इथं लग्न जमायच्या आधी मुलीचा बाप मुलाच्या नकळत त्याच्या ओळखीच्यांना गाठतो. मुलगा शेतकरी असला तर बांधाशेजारच्याला, नोकरदार असला तर सोबत काम करणाऱ्याला. आणि उत्तर सगळीकडं एकच मिळतं, "लई चांगलं पोरगं, सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई." कारण उद्या आपल्याही पोराची चौकशी व्हायची असते. याला अपवाद एकटे हुलसुरे सर. त्यांनी स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही. लातूरचे पाहुणे पसंती सांगून उठले होते, चपला पायात घालत होते, तर सर अंगणात त्यांना थांबवून म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं. ही रागाला आली की दोन दिवस बोलत न्हाई. तिसऱ्या दिवशी बोलती, ते जास्ती अवघड हाय." मुलाचे वडील हसले आणि लग्न झालं. तेव्हापासून भालकी-उदगीर पट्ट्यात हुलसुरे सर म्हणाले म्हणजे विषय संपला, असं झालं होतं.

आता माझं. मी उशिरा येणारा माणूस आहे. इतर लेकरं नऊ महिने नऊ दिवसांनी येतात, मी त्यावर आणखी बारा दिवस घेतले. सुईण दोनदा येऊन परत गेली, असं माय अजून पाहुण्यांना सांगते. शाळेत माझी हजेरी प्रार्थना संपल्यावर लागायची. 'निघालोच' असं मी फोनवर म्हणतो तेव्हा टॉवेल शोधत असतो, आणि 'आलोच' म्हणतो तेव्हा तो सापडलेला असतो. हे सगळे लाडानं 'जन्मजात हाय ते' म्हणून सोडून देत आणि मीही देत होतो.

असा हा मी, नोकरीला लागलो त्याच वर्षी, मुलगी बघायला गेलो उदगीरच्या बिरादारअप्पांकडं. बिरादारअप्पा बसस्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहून नुकतेच रिटायर झाले होते. मला अकराची वेळ दिली होती, मी सव्वाएकला पोचलो. पोहे तीनदा गरम करून झाले होते. अप्पा रागावले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत एवढंच म्हणाले, "सव्वाअकराची लातूर गेली, साडेबाराची देगलूर गेली, आणि पाहुणे आत्ता लागायलेत." पडद्याआड कुणीतरी हसू दाबलं. ती महानंदा. नंतर ती समोर येऊन बसली, मान खाली घालून, पण खांदे अजून हलत होते. मला ती मनापासून आवडली. जन्मात पहिल्यांदा आपल्या उशिराची मला भीती वाटली.

आठ दिवसांनी अप्पा चौकशीला कॉलेजात आले, दहाच्या ठोक्याला. माझा तास दहाचा होता, त्यामुळं मी अर्थातच तिथं नव्हतो. शिपायानं त्यांना लॅबमध्ये पोचवलं. सरांनी 'पाहुणे' कपात चहा दिला. अप्पांनी सरळ विचारलं, "पोरगं बाकी बरं हाय म्हणतेत. पण उशिराचं हाय. माझं सगळं आयुष्य वेळेत गेलंय सर. पोरगी जन्मभर दारात वाट बघत उभी ऱ्हायची का, तेवढं खरं सांगा."

सर नेमकं बोलायचं म्हणून इंग्रजीत बोलले. माझा उशीर 'इनेट' आहे, पण 'इन्हेरंट' नाही. अप्पांना दोन्ही शब्द कळले नाहीत, पण नोंद ठेवायची सवय असल्यानं त्यांनी खिशातल्या डायरीत ते स्पेलिंग विचारून लिहून घेतले.

मी दहा चाळीसला गेटात शिरलो तर समोर अप्पा. डायरी पुढं करून म्हणाले, "तुम्ही इंग्रजीचेच की. सरांनी तुमच्याबद्दल सांगितलं, ते लिवून घेतलंय. अर्थ सांगा."

मी वाचलं. आता खरं सांगतो, मला दोन्ही शब्द एकच वाटले. म्हणालो, "दोन्हीचा अर्थ साधारण आतलं असा. मूळचं. स्वभावातलं."

"दोन्हीचा एकच असंल तर सर एकाला हाय नि दुसऱ्याला न्हाई कामून म्हणतील?"

"संदर्भ बघून सांगतो."

"बघा. रविवारी दहाला येतो तुमच्या खोलीवर," अप्पा म्हणाले, आणि 'दहाला' हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

मी डिक्शनरी काढली. ती पहिल्या शब्दापाशी म्हणायची दुसरा बघ, दुसऱ्यापाशी म्हणायची पहिला बघ. सरकारी ऑफिसात दोन टेबलांमध्ये फिरवतात तसा मी तासभर फिरलो आणि शेवटी लॅबमध्ये गेलो.

सर म्हणाले, "करजगी, तू इंग्रजी शिकवायलास न्हवं?"

"व्हय सर."

"पोरांना हे ठाऊक हाय का?"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या केसांना हात लावला. "जन्मलास तवा डोक्यावर जावळ हुतं का न्हाई? आईच्या पोटातनंच आणलेलं. मग मामाच्या मांडीवर बसवलं, न्हाव्यानं काढून टाकलं. तू तूच ऱ्हायलास, काय कमी झालं न्हाई. ते इनेट. जन्मासंगं आलेलं, पण काढता येतंय." मग त्यांनी मिठाची बरणी पुढं ओढली. "आता ह्यातला खारटपणा काढून दाव. काढलास तर मागं काय ऱ्हाईल? मीठ तर न्हाई ऱ्हात. ते इन्हेरंट. ते गेलं की वस्तूच गेली."

"म्हणजे माझा उशीर?"

"जावळ हाय. काढायचं राहून गेलं, म्हणून लांब वाढलंय."

रविवारी अप्पा बरोबर दहाला खोलीवर आले. मी घरीच असल्यानं उशिरा येणं शक्य नव्हतं, तरी आंघोळीत असल्यामुळं त्यांना वीस मिनिटं बाहेर बसावं लागलं. जावळ आणि मीठ त्यांनी नीट ऐकून घेतलं. स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. म्हणाले, "सर म्हणलेत म्हंजी जाईल. पण एक सांगतो, मी पोरगी तुमाला द्यायलो न्हाई. सरांच्या शब्दाला द्यायलोय."

साखरपुड्याला सर माझ्यासोबत आले. जीप सहाला निघणार असं त्यांनी मला चारदा बजावलं होतं, म्हणून मी फक्त सातला पोचलो. सर ओट्यावर बसले होते, ड्रायव्हर काच पुसत होता. मी हात जोडले. सर "बस" एवढंच म्हणाले. आम्ही साडेआठला उदगीरला, मुहूर्त नऊचा. अप्पा दारातच घड्याळ बघत उभे होते. "नऊची गाडी साडेआठला फलाटावर," असं सगळ्या भावकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. तासभर उशिरा निघून अर्धा तास लवकर कसे पोचलो, हे मला कळलं नाही. ड्रायव्हर चलाख असावा असं वाटलं.

लग्नानंतर माझ्या असं लक्षात आलं की उशीर मी एकटा करत नाही, आमचा अख्खा मुलूखच करतो. सर स्टाफ सेक्रेटरी होते. मीटिंगची नोटीस शिपाई फिरवायचा, तिच्यावर मी न वाचता सही करायचो, आणि वेळ सर स्वतः येऊन सांगायचे. अकरा म्हणायचे. मी पावणेबाराला धापा टाकत जावं, तर लोक नुकते खुर्च्या ओढून बसायलेत. परीक्षेची ड्युटी, निरोप समारंभ, कुणाचं बारसं, सगळीकडं हेच. मी पोचतो न पोचतो तोच कार्यक्रम सुरू. मी महानंदाला म्हणायचो, "आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही बघ." ती म्हणायची, "व्हय, तुमच्यासारखं सगळ्यांना कुठं जमतंय."

हळूहळू वेळेचा पक्का माणूस म्हणून माझं नाव झालं. उदगीरला अप्पा थोरल्या जावयाला माझं उदाहरण देत. एकदा तर श्रमदान शिबिरात 'वेळेचे महत्त्व' या विषयावर माझं भाषण ठेवलं. सरांनी दहाची वेळ सांगितली होती, मी पावणेअकराला पोचलो, शिबिर तेव्हा सुरू होत होतं. दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू करता, लाज वाटली पाहिजे, असं मी त्या पोरांना भाषणात सुनावलंसुद्धा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पहिल्या रांगेत बसलेले सर चष्मा पुसत होते. पूर्ण भाषणभर पुसत होते.

सर रिटायर झाले आणि मुलीकडं लातूरला राहायला जायचं ठरलं. शांताक्कांनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, घर आवरलं, सरांनी गाठोड्यांना लेबलं लावली. मला सांगितलं, "सकाळी सातची लातूर गाडी हाय. येणार असशील तर ये." येणार असशील तर, हे मला लागलं. मी साडेपाचचा गजर लावला. गजर वाजला तेव्हा मी त्याला 'उठलोच' असं म्हटल्याचं आठवतंय.

आठला दहा कमी असताना मी ऑटोतून उडी मारून स्टँडमध्ये पळालो. गाडी केव्हाच गेली असणार. सोळा वर्षांच्या सोबतीचा माणूस निरोपाशिवाय गेला, असं मनात येऊन डोळे भरले होते. तर समोर दुसऱ्या ऑटोतून सर आणि शांताक्का गाठोडी उतरवायलेत.

"अक्का, गाडी चुकली का?"

"कामून चुकंल? आठची तर हाय."

"सर सात म्हणाले होते."

"तुमाला सातच म्हणणार की," अक्का गाठोडं मोजत सहज बोलून गेल्या. "तुमाला कवा खरी वेळ सांगितलीय ह्यांनी?" मग त्यांनी जीभ चावली आणि पाण्याची बाटली आणायला निघून गेल्या.

मी तिथंच उभा राहिलो. जीप, काच पुसणारा ड्रायव्हर, मीटिंगा, बारशी, सगळं उलट्या क्रमानं डोळ्यांसमोरून गेलं. शिबिरातल्या भाषणापाशी आल्यावर कानशिलं तापली. मुलूख वेळेवर होता. सगळा मुलूख सोळा वर्षं वेळेवर होता. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि दोन्हीतलं कुठलं दाखवावं ते कळेना.

"सर, तुम्ही खोटं बोललात?"

"व्हय," सर म्हणाले. लेबल वाचून दाखवावं तसं. मग माझ्याकडं न बघता बोलले, "बिरादारअप्पाला म्या खरंच सांगितलं हुतं. तुझं जावळ जाईल असं वाटलं हुतं मला. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तू लॅबमध्ये दीड तास उशिरा आलास, तवा भ्यालो. जन्मात पयल्यांदा लेबल आधी लावून बसलो हुतो, बाटली रिकामीच. त्या पोरीचं आयुष्य त्या लेबलावर. मग भरायला नको का आत कायतरी?"

"सोळा वर्षं?"

"तू लवकर सुधरला असतास तर कमी लागली असती." गाडी फलाटाला लागली. सरांनी गाठोडं उचललं. "आता म्या जायलाव. लातुरातनं काय वेळ सांगू तुला. इथनं पुढं तुझं तू बघ."

ते खिडकीशी बसले, गाडी बरोबर आठला हलली. मी स्टँडवर इतका वेळ उभा राहिलो की दहाच्या तासालाही उशीर झाला. तपासणीच्या कमिटीपुढं खोटं न बोललेला, स्वतःच्या मुलीसाठी खोटं न बोललेला हा माणूस माझ्यासाठी आठवड्यातून दोनदा बोलत होता. तेव्हा कळलं की सरांचा खरेपणा हेही जावळच होतं. जन्मासोबत आलेलं, पण माझ्यासाठी त्यांनी ते काढून ठेवलं. त्यांच्यातलं मीठ दुसरंच होतं आणि ते मला सोळा वर्षं ओळखता आलं नाही. इंग्रजीचा माणूस मी.

घरी येऊन महानंदाला विचारलं. ती म्हणाली, "मला दुसऱ्या महिन्यात कळालं. आपलं भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं हाय, ते तुमाला कधी दिसलं न्हाई का?"

पुढचा महिना फार वाईट गेला. नवा सेक्रेटरी मीटिंगची वेळ मोबाइलवर पाठवायचा, आणि ती खरी असायची. माझ्या तीन मीटिंगा चुकल्या, एका परीक्षेला मी पेपर वाटून झाल्यावर पोचलो. प्राचार्यांनी काळजीनं विचारलं, हल्ली तब्येत बरी नाही का. बातमी उदगीरला गेली. अप्पा आता पंचाहत्तरीचे, पण एका सणाला जेवताना मला म्हणालेच, "सर लातूरला गेले नि तुमचं वेळापत्रक बिघडलं म्हणं." माझ्या अब्रूचं सोडा, ती कधी फारशी नव्हतीच. पण बिरादारअप्पांच्या डायरीत सरांचा शब्द लिहिलेला होता, आणि तो माझ्यामुळं खोटा पडत चालला होता.

मग सुरू केलं. भिंतीवरचं घड्याळ खऱ्या वेळेवर आणलं. 'निघालोच' हा शब्द चपला घातल्याशिवाय उच्चारायचा नाही असं ठरवलं. कितीदा तरी हरलो. महानंदा दारात उभी राहून मोजत असे आणि हसत असे, आणि ते हसू पडद्याआडच्यासारखंच होतं. जावळ काढायला न्हाव्याला पाच मिनिटं लागतात, मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांनी सरांच्या मुलीचा फोन आला. वडील गेले, लिंगैक्य झाले, दुपारी चारला न्यायचं आहे. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि निघालो.

लातूरला त्यांच्या दारात पोचलो तेव्हा एक वाजला होता. मांडवाची दोरी अजून बांधायलेत, माणसं जमायची होती. लिंगायत रीतीप्रमाणं सरांना खुर्चीवर बसवलं होतं, कपाळभर विभूती, अंगावर शाल. लॅबमधल्या स्टुलावर बसायचे तसेच ताठ. शेजारी शांताक्का भिंतीला टेकून होत्या. मला बघून त्या एकदम सावरून बसल्या, समोरच्या घड्याळाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"तुमाला एक वाजता म्हणून सांगितलं का कुणी?"

"न्हाई अक्का," मी म्हणालो. "चारच सांगितलं."

अक्कांनी वळून सरांच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि हळू आवाजात त्यांना म्हणाल्या, "ऐकलं का हो? चारच सांगितलं म्हणतेत."